चार पट्ट्यांचं अंतर

रावेर, ४ फेब्रुवारी २०२५

ती. नानांस पुतण्या तेजसचा सा. न. वि. वि.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केला, म्हणून हा कागद. जितूभाऊच्या साखरपुड्यात, जळगावात, बठ्ठ्या लोकांसमोर तुम्ही सांगितलं का तुमच्या नव्या गाडीत मी खोडी केली, अन् लग्नात नवरदेवाची गाडी आता तुमच्या शेजारचा सुकदेव चालवील. हे मले पटलं नाही. तुमच्या मोबाइलले बकरीची रिंगटोन मी लावली, मान्य. पण गाडीत केलं ती खोडी नव्हती.

गाडीले वेग सांगून पाय काढला का ती पुढच्या गाडीमागं आपोआप चालते. मधात किती अंतर ठेवायचं ते स्टेरिंगवरच्या बटनानं ठरते. एक पट्टी म्हणजे जवळ, चार म्हणजे लांब. तुमची एकवर होती, मी चारवर नेली. त्या मोकळ्या जागेत टेम्पो घुसला, मंग केळीचा ट्रक, अन् अंतर धराले गाडी दरवेळी हळू झाली. नवरदेवाचा बाप पंगत उठल्यावर पोचला. घुसणाऱ्यांले बोला ना, मले काहून?

हे कराले कोनं सांगितलं ते इचारू नका. मी शब्द देला आहे.

लोभ राहू द्या, जमलं तर किल्लीबी.
तेजस

धुळे, ८ फेब्रुवारी

चि. तेजस यास मोजकेच आशीर्वाद.

तीस वर्षं हायवेवर गाडी चालवतोय, मला अंतर शिकवतोस? व्याह्यांनी विचारलं, बैल जुंपून आलात का. बटण शोधून मी पुन्हा एक पट्टी केली आहे. रविवारी, १६ तारखेला, आम्ही दोघं पत्रिका वाटायला जळगावला निघतो. तोवर नाव कळव, नाहीतर सुकदेव पक्का. तुझ्या मोठ्या आईला विचारलं, तर तिला म्हणे गाडीतलं काही कळत नाही.

चुडामण

रावेर, ११ फेब्रुवारी

ती. मोठ्या आईस सा. न.

तुले गाडीतलं काही कळत नाही म्हणे. मंग नाना ट्रकच्या बुडाले गाडी लावतात, बाजूच्या सीटवर ब्रेक नसलेल्या जागी पाय दाबून माझा गुडघा सुजला, काहीतरी कर बाबा, असं रडत मले कोनं सांगितलं? जितूभाऊ अन् मी एका ताटात जेवलो. त्याची गाडी मी चालवायची हे सातवीपासून ठरलंय. लई राग आला आहे. तरी तोंड उघडणार नाही. पण एका पट्टीवर तू बसू नको. पत्रिका पोस्टानं जातात.

रागासकट तुझाच,
तेजस

धुळे, १७ फेब्रुवारी

चि. तेजसला मोठ्या आईचे ओंजळभर आशीर्वाद.

पारोळ्याच्या अलीकडे ट्रकनं ब्रेक मारला. आमची गाडी किंचाळली, मीही. थोडक्यात वाचलो. मग यांना सांगून टाकलं की तेजसला मीच करायला लावलं होतं. तर हे म्हणाले, बायकांना भीतीच फार. मी पारोळ्याच्या स्टँडवर उतरले, पत्रिकांची पिशवी घेतली अन् जळगावच्या एसटीत बसले. हे मागून हॉर्न वाजवत. कंडक्टरनं विचारलं, कोण आहेत. म्हटलं, ओळखीचे नाहीत.

एरंडोलला हे खिडकीखाली उभे. म्हणाले, चार केल्या, उतर आता. मी गाडीत डोकावून पट्ट्या पाहिल्या, मगच बसले. पुढे रस्ताभर लोक मध्ये घुसत होते, हे प्रत्येकाच्या सात पिढ्या काढत होते, पण बटणाला हात लावला नाही.

माझ्यापायी तुला बोल लागले, चुकलंच माझं. हे स्वतः लिहिणार नाहीत, लाजतात. पण सुकदेवला कालच नाही सांगून आले. त्यानं कारण विचारलं, तर म्हणाले, एवढं ऐकून घेतलं तरी पोरानं नाव सांगितलं नाही, नवरदेव त्याच्याच हाती द्यायचा.

माया पातळ करू नकोस.
तुझी मोठी आई, कुंदाबाई