बाईंनी दिलेलं मलम

४ नोव्हेंबर
पोचलो एकदाचे. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, अशी गत आहे. संशोधनाची नोकरी मिळाली, तीही बाईंच्या हाताखाली, आणि राहायला प्रयोगशाळेच्या आवारातच दोन खोल्या. माझ्या प्रबंधाला वळण लावलं ते बाईंनीच. ठमी जन्मली तेव्हा माझ्या आईच्या आधी तिला हातात घेतलं तेही त्यांनीच. ठमी आता चार वर्षांची. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, सुट्टीला येईल. मुलीला कुठे ठेवू, असं मी विचारलं होतं, तर बाई म्हणाल्या होत्या, बरोबरच आण, तिच्याशिवाय येऊच नकोस. इतकं कोण कुणासाठी करतं?

९ नोव्हेंबर
काम साधं, पण चिकाटीचं. नुकत्याच व्यालेल्या उंदरिणी पाहायच्या. पिल्लू घरट्याबाहेर ठेवायचं आणि आई त्याला उचलून परत नेते का ते नोंदवायचं. खाण्याचे दोन डबे आहेत, एकात औषध, एकात नुसतंच खाणं. कुठल्यात काय, ते फक्त बाईंना ठाऊक. पाहणाऱ्याला कळलं तर त्याला हवं तेच दिसायला लागतं. उंदीरघर सांभाळणारे काका रबरी हातमोजे घालतात. मला मात्र बाईंनी ते घालू दिले नाहीत. रबराच्या वासानं आया बिथरतात म्हणे. त्याऐवजी हातांना चोळायला एक मलम दिलंय, खास माझ्यासाठी स्वतः घोटलेलं. हात इतके मऊ झालेत की ठमी गालाला लावून बसते. संशोधन करून कांती सुधारलेली जगातली पहिली बाई मीच असेन.

१७ नोव्हेंबर
आज पहिली उंदरीण विसरली. पिल्लू चिरकत होतं, तिनं वास घेतला आणि वळून खात बसली. परत ठेवलं तर ढकलून दिलं. तिसऱ्यांदा चावली. पिल्लू वाचलं नाही. शास्त्रज्ञ म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा, खोटं कशाला बोलू.

२४ नोव्हेंबर
ठमी तापानं फणफणली होती, म्हणून आठवडाभर घरीच होते. काकांनी माझे पिंजरे पाहिले. आज तिला शाळेत सोडलं, कामावर गेले आणि दुपारी आणायला गेले. फाटकातून पोरं सुटली आणि मी उभीच राहिले. सगळी सारखीच दिसत होती. शेवटी शिक्षिकेनं एका मुलीचा हात माझ्या हातात दिला. अर्ध्या वाटेत कळलं, ही ठमी. जागरणं फार झालीत.

२९ नोव्हेंबर
आकडे जुळत नाहीत. विसरणाऱ्या आया दोन्ही डब्यांवरच्या आहेत. पण मी घरी होते त्या आठवड्यात एकही विसरली नाही. म्हणजे औषध खाण्यात नाही. काकांच्या हातात मोजे, माझ्या हातात

मलम.

उंदरांना ते माझ्या हातून थोडंसं लागलं. मी तर रोज चोळलंय, घरी होते तेव्हाही.

१ डिसेंबर
बाईंना विचारलं. वाटलं होतं, हसतील, वेडी म्हणतील. नाही म्हणाल्या असत्या तर मी विश्वासही ठेवला असता. त्यांनी चष्मा पुसला. काही आयांना बाळंतपणानंतर मूल परकं वाटतं, त्यांच्यासाठी त्या औषध शोधताहेत. त्यासाठी म्हणे ओळख पुसते कशी, ते आधी बघावं लागतं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या,
"हुशार माणसं माझ्याकडे पुष्कळ आहेत गं. मला आई हवी होती. बारकाईनं लिहून ठेवेल अशी."
परत ओळख येते का, विचारलं. ते अजून पाहिलेलं नाही म्हणाल्या.
केसानं गळा कापला. ज्या हातांनी माझी मुलगी उचलली त्याच हातांनी मलम घोटलं. मला रडूसुद्धा आलं नाही, नुसती लाज वाटली, की मी त्यांना देव समजत होते.

२ डिसेंबर
हात घासून घासून सोलले. उपयोग नाही. सकाळी पोर अंगावर झोपली होती, मी तिला ढकललं. पलंगावरून पडली. माझ्याकडे बघत राहिली, रडलीही नाही.
नवऱ्याला फोन केला. उद्या संध्याकाळपर्यंत येऊन घेऊन जातो म्हणाला. आवारात कुणाकडे ठेवू? सगळी बाईंचीच माणसं.

३ डिसेंबर, सकाळ
तिच्यासाठी दूध आणि पोळी बाहेर ठेवली. मी आतल्या खोलीत, कडी लावून. तो येईपर्यंत उघडायची नाही. लिहून ठेवते — बाहेर आहे ती माझी मुलगी. ठमी. डाव्या भुवईवर तीळ. माझी आहे. काही झालं तरी दार

दुपार
वरचं अक्षर माझंच आहे. कुणाबद्दल लिहिलंय — तीळ कसला —

बाहेर एक पोर आलंय. दारावर थापा मारतंय. आई, आई. कुणाचं कोण जाणे. घरचे लोक सोडतात कसे असे —

थांबतच नाही. चिरकतंय. डोक्यात जातं ते. नुसतं गप्प करायचंय. कडी काढते आणि एकदाच —