साडूभाऊंच्या नव्या पिकअपबद्दल मला काहीही वाटत नाही

तीर्थस्वरूप साडूभाऊ,

सादर नमस्कार. तुमची प्रकृती उत्तम असेलच (तुमची कधी बिघडते म्हणा!). ताईंची कंबर आता कशी आहे? दवाखाना जोरात चालला असेल. लोकांचे दात काही किडायचे थांबत नाहीत, तुमचं नशीब. इकडे आम्ही सगळे ठीक. सासऱ्यांचा रक्तदाब ताब्यात आहे, सासूबाईंचा गुडघा होता तिथेच आहे, आणि आमची ही मजेत आहे, किंबहुना गेले तीन आठवडे जरा जास्तच मजेत आहे, त्याचं कारण पुढे ओघात येईल. पत्र लिहायला तसं काही निमित्त नाही. सहज आठवण झाली. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मध्ये मध्ये "बरं बरं" म्हणता आणि मी काय सांगत होतो तेच विसरतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट साफ करतो. मागच्या महिन्यात तुम्ही येऊन गेलात, तुमच्या बेस गिटारला नवे पिकअप बसवून आणलेत आणि सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत सगळ्यांसमोर वाजवून दाखवलंत, त्याबद्दल माझ्या मनात काडीइतकंही काही नाही. हिला विचारा. (नको, हिला विचारू नका.) फक्त एवढंच म्हणणं आहे की तुम्ही आधी सांगायला हवं होतं. आपण दोघांनी अकरा वर्षांपूर्वी एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच रंगाच्या दोन गिटारी घेतल्या. तुमची कुठली आणि माझी कुठली हे कळावं म्हणून ताईंनी तुमच्या पट्ट्याला लाल दोरा बांधला होता. दोन्हींचा आवाज गादीवर बुक्की मारल्यासारखा यायचा. तुम्ही सा वाजवा की प वाजवा, ऐकणाऱ्याला बुक्की ती बुक्कीच. साडू साडूंमध्ये इतकं प्रेम सहसा दिसत नाही असं लोक म्हणायचे, त्याचं कारण हेच होतं, आपण दोघंही सारखंच वाईट वाजवत होतो. आणि तुम्ही गुपचूप जाऊन पिकअप बदललेत!

आता आवाज बदलला हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. जाड तारेचा आवाज जाड, बारीक तारेचा बारीक, चारही तारा एकसारख्या बोलत होत्या. बोट तारेवरून उचलल्याचं सुद्धा ऐकू येत होतं. (तिसऱ्या गाण्यात तुमचं बोट घसरलं, तेही ऐकू आलं. मी कुणाला बोललो नाही. हिला बोललो, पण ती घरचीच.) माझ्या पोटात तेव्हा दुखायला लागलं ते जेवणामुळे. आणि मग सासरे अकॉर्डियन मांडीवर तसंच ठेवून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "वा! काय स्वच्छ आवाज! यंदा वाचनालयाच्या कार्यक्रमाला तुम्हीच या." तिथून मी उठलो. तुम्हाला वाटलं असेल मी पाणी प्यायला गेलो. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. अकरा वर्षं दर शनिवारी मी सासऱ्यांच्या त्या वाद्यवृंदात त्यांच्या डाव्या हाताला बसतो, तापात सुद्धा एक शनिवार चुकवला नाही, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी मला "वा" तर सोडाच, "हं" सुद्धा म्हटलं नव्हतं. माझी ती एक खुर्ची आहे, साडूभाऊ. तुमच्याकडे दवाखान्यात फिरती खुर्ची आहे, वर-खाली होणारी आहे, तिला दिवा पण आहे. माझी ती एकच.

घरी आल्यावर अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. तुमच्यासारखे पिकअप विकत आणले असते, पण मग लोक म्हणाले असते की याने त्यांचं पाहून आणले. शिवाय विकत कशाला आणायचे? पिकअप म्हणजे आहे काय शेवटी? तारांचा आवाज पकडायला त्यांच्याखाली बसवलेली दोन लांबट काळी डबडी, आत लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याची तार. आणि तांब्याची तार गुंडाळण्यात माझा जन्म गेला. पंखे, पाण्याचे पंप, मिक्सर, पिठाच्या गिरणीची मोटर, आजवर माझ्या दुकानातून रिवाइंडिंग होऊन गेलेली एक वस्तू परत आलेली नाही. (एक पंप आला होता, पण त्याच्यात बेडूक गेला होता.) मी ठरवलं, आपलेच पिकअप सोडायचे आणि पुन्हा गुंडाळायचे, आणि तुमच्यापेक्षा दीडपट वेढे द्यायचे. तुमच्यात किती वेढे आहेत ते मला ठाऊक नव्हतं, पण ते जितके असतील त्याच्या दीडपट.

ती तार केसापेक्षा बारीक असते हो! पंख्याची तार माझ्या बोटांना कळते, ही कळतच नाही, आहे की नाही हे चष्मा लावून बघावं लागतं. पहिल्या दिवशी सात वेळा तुटली. आठव्यांदा मी शिंकलो. शेवटी हिला समोर बसवून वेढे मोजायला लावलं, तर ही चार हजारांवर हसायला लागली आणि पुन्हा एकपासून सुरू करावं लागलं. दहा दिवसांनी दोन्ही पिकअप तयार झाले. आता आमच्या धंद्यात वायंडिंग झालं की ते वार्निशमध्ये बुडवतात आणि भट्टीत भाजतात, म्हणजे वेढे हलत नाहीत. हात सवयीने चालतो. बुडवले आणि भाजले. वरची काळी झाकणं प्लॅस्टिकची होती हे भट्टीतून वास आल्यावर आठवलं. ती मग कानशीने घासून कशीबशी बसवली.

पण आवाज! साडूभाऊ, दुकानात एक एक पिकअप लावून पाहिला, तर बाकावरचे स्क्रू नाचायला लागले. पुढचा एकटा लावला की दणका, मागचा एकटा लावला की दणका. दोन्ही एकदम मी मुद्दाम लावून पाहिले नाहीत, शेजारच्या घड्याळवाल्याने आधीच दोनदा येऊन हात जोडले होते. शिवाय तो मान मला शनिवारसाठी राखून ठेवायचा होता. शनिवारी सगळे जमले, सासऱ्यांनी मान हलवून खूण केली, आणि मी तुमचं नाव मनात घेऊन दोन्ही पिकअपची बटणं टोकापर्यंत फिरवली.

डास. दुसरा शब्द नाही. बेसचा सगळा खर्ज कुठे गेला देव जाणे, मागे एक किरकिर उरली. मी जोरात वाजवू लागलो तर किरकिर जोरात व्हायला लागली. तबलजींनी उठून खिडकी लावली. (हे त्यांनी खरंच डास समजून केलं की मला टोमणा मारायला, अजून कळलेलं नाही.) त्यानंतर जे झालं ते मात्र मला खरोखर लागलं. सासऱ्यांचा ठेका चुकला. दोनदा. तिसऱ्यांदा ते थांबले, माझ्याकडे वळून बघत राहिले आणि म्हणाले, "धाकटे, तुम्ही आज आला नाहीत का?" मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो होतो.

चूक घरी येऊन बाकावर बसल्यावर लक्षात आली. पंख्यात शेजारशेजारची दोन वेटोळी उलटसुलट गुंडाळायची असतात. एक डावीकडून गेलं की पुढचं उजवीकडून. मी वीस वर्षं तेच करत आलो, तेच इथे केलं. त्यामुळे एक पिकअप म्हणे "पुढे" आणि दुसरा त्याच क्षणी म्हणे "मागे", आणि दोघांच्या भांडणात खर्ज मेला. एकेकटे दोघंही शहाणे. एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की काम झालं असतं, पाच मिनिटांचं काम, पण मी चिडलेलो होतो. जोर लावला, आणि केसाएवढी ती तार वार्निशच्या आत, मुळाशी तुटली. वार्निश दगडासारखं झालेलं, आता सुटता सुटत नाही. उरलेला एकटा इतका भडकलाय की तारेला नुसतं बोट टेकलं तरी गर्जना होते. थोडक्यात, गिटार आहे आणि बेस नाही.

तेव्हा कुठे हिने तोंड उघडलं. त्या दिवशी मी जिन्यात गेल्यावर सासऱ्यांचं वाक्य संपलं नव्हतं म्हणे. पुढे ते असं म्हणाले की तुम्हीच या, सुरुवातीचा तेवढा तुकडा वाजवा, बाकी कार्यक्रमाला आमचे धाकटे आहेतच. आणि म्हणाले, मला हल्ली नीट ऐकू येत नाही, धाकट्यांची बुक्की जमिनीतून पायाला लागते, त्यावरच मी ठेका धरतो. हे हिला तीन आठवडे ठाऊक होतं! का सांगितलं नाहीस विचारलं, तर म्हणे तुम्ही इतके मन लावून काम करत होतात, इतक्या वर्षांत असे दिसला नव्हतात. आणि साडूभाऊ, ठाऊक तर तुम्हालाही होतं. असो. मी कुणावर राग धरणारा माणूस नाही.

ताईंना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. दात सांभाळा म्हणून मी तुम्हाला काय सांगणार.

आपला,
धाकटा साडू

ता. क. – नवे बसवलेत तेव्हा तुमचे जुने पिकअप टाकून दिले नसतील ना? तुमच्या दृष्टीने तो कचराच. कुठल्या खणात पडले असतील तर कुरियरने पाठवून द्या. कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला आहे आणि सासरे रोज विचारतात. मला तसे नकोत, पण त्यांच्या पायाचा प्रश्न आहे.

ता. क. २ – पाकीट चिकटवणार तेवढ्यात ताईंचं पार्सल आलं. हिने फोन करून कधीच मागवले होते (ज्या दिवशी दुकानातून जळका वास आला त्याच दिवशी, असं म्हणते). तुमचे जुने पिकअप बसवले. सासरे आज अडीच तास न थांबता वाजवत होते. शेवटी त्यांनी "हं" म्हटलं.

ता. क. ३ – पिकअपखाली तुमची चिठ्ठी होती. मी ती चार वेळा वाचली, मग हिला मोठ्याने वाचून दाखवली, मग घड्याळवाल्याला. तुम्ही लिहिता की सासरे तुम्हाला दरवेळी पाहुण्यासारख्या टाळ्या देतात आणि खुर्ची मला. अकरा वर्षं तुम्हाला माझा हेवा वाटतो, त्यापायी ते नवे पिकअप बसवलेत, आणि तरी एकच तुकडा मिळाला. साडूभाऊ, आजवर माझा हेवा कुणीही केला नव्हता. चिठ्ठी काच लावून दुकानात टांगली आहे. फक्त "हेवा" या शब्दाखाली तुमची रेघ मारायची राहिली होती, ती मी मारली.