टॉर्च घेण्याआधी

प्रिय ठकू,

तांब्याच्या नळांचे जोड कथलाच्या डागाने सांधायला कोणता टॉर्च घेऊ, कोणता गॅस घेऊ, हे तू विचारलंस आणि मला मनापासून बरं वाटलं. बापाचा धंदा उचललास, वर अक्कलही बापालाच विचारतेस. दुकानदार तुझ्या गळ्यात महागड्या गॅसची पिवळी बाटली मारेल. तो गॅस जास्त तापतो हे खरं, पण अर्ध्या इंची नळाला एवढी आग कशाला? कथील धरावं म्हणून जोडाला लावलेली पेस्ट जळून काळी पडते आणि मग कथील आत शिरायचं नाव घेत नाही. साधा प्रोपेन घे. टॉर्च मात्र खटका दाबला की पेटणारा आणि सोडला की विझणारा बघ, तिथे चिकटपणा करू नकोस. ज्योत जोडावर धरायची, कथलावर नाही. जोड तापला की कथील आपणहून आत ओढलं जातं. ते बघायला मला अजून आवडतं.

बाटली बसवलीस की तिच्या तोंडाशी साबणाचा फेस लाव. बुडबुडे आले तर पेटवायचं नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचून बसतो. म्हणून तळघरात काम असेल तर आधी वाकून वास घे. खोलीत आधीच साचलेला गॅस फेसाला कळत नाही, तो नाकालाच कळतो. तो घाणेरडा वास त्यात मुद्दाम त्यासाठीच घालतात.

इथे सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो. परवा तुझ्या आईने मला चांगलंच फैलावर घेतलं. मागच्या खोलीत जुना टॉर्च दुरुस्त करत बसलो होतो. पेटवून बघावा म्हणून बोट खटक्यावर नेलं, तेवढ्यात ती दारातून नाक दाबून ओरडली. वॉशर झिजला होता आणि खोली गॅसने भरली होती. लक्ष कुठे असतं तुमचं, म्हणाली. चावी बंद करायला विसरलो, असं सांगून मी वेळ मारून नेली. मग तिने सगळ्या खिडक्या उघडल्या.

ठकू, मी विसरलो नव्हतो. मला वासच आला नाही. मधे ताप आला होता, त्यातून उठल्यापासून कांदा, फिनेल, रॉकेल, काहीच नाकाला लागत नाही. येईल परत म्हणून गप्प बसलो. डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. सोमवारी बालवाडीच्या तळघरात गरम पाण्याच्या नळाचं काम आहे. वर मुलं असतात. काम सोडलं तर कारण सांगावं लागेल, आणि मग मला पुन्हा कोण बोलावणार? मला फार भीती वाटते गं, पण घरी बसवत नाही. तू टॉर्च विकत घेऊ नकोस. सोमवारच्या आत इकडे ये आणि माझाच घे, वॉशर नवा घातलाय. तळघरात आधी तू उतर, आणि जरा जरी वास आला तर मी कितीही हट्ट केला तरी मला हाताला धरून बाहेर काढ.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
बाबा