ताईच्या नावावरचा फ्लॅट

४ मार्च

भाडेकरू गेला! न्हाणीघराच्या भिंतीला ओल, पोराला खोकला, म्हणे. आता कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून. ही म्हणाली, "घ्या आणखी दुसरा फ्लॅट!"

७ मार्च

ताई आली होती. निम्मा चहा तसाच ठेवून एकदम म्हणाली, "अरे, तो तळमजल्याचा फ्लॅट रिकामाच आहे ना? मी राहू का तिथे? गुडघे फार कुरकुरतात रे. माझ्याकडचे तीन जिने आता होत नाहीत."

मी म्हटलं, बघू. तेवढ्यावर थांबायचं ना! नाही. म्हणालो — हप्ता भाड्यावर चालतो, तुझ्याकडून का मी भाडं घेणार? तू राहिलीस की भाडं बुडालंच!

"बरोबर आहे तुझं," म्हणाली. पर्स उचलली आणि गेली.

खरं तर फ्लॅट कागदोपत्री तिचाच. बाईच्या नावावर कर्ज स्वस्त, आणि माझ्या नावावर दुसरं घर झालं की कर जास्त — म्हणून मीच तिला सह्यांना बसवलं. एक शब्द न वाचता केल्या तिनं. हप्ते मी भरतो म्हणून मालक मी. हेही मीच ठरवलेलं.

१५ मार्च

दुरुस्ती काढली. प्लास्टर, नव्या टाइल्स, नवा ओटा. त्यासाठी कर्ज वाढवून घेतलं — सहीला ताई! बँकेच्या पायऱ्या कठड्याला धरून एकेक करत चढत होती. मी पुढे जाऊन रांगेत नंबर लावला. हात द्यायचं सुचलंसुद्धा नाही. लाज वाटतेय लिहिताना.

२९ मार्च

घरपट्टीचं बिल! डोळे पांढरे झाले. खिडकीवर जाऊन तावातावानं भांडलो. कारकून अगदी थंड — "भाड्याच्या घराला हाच दर. मालक स्वतः राहत असेल तर कमी होतो."

मालक स्वतः! म्हणजे ताईला राहू दिलं असतं तर इथंही वाचलो असतो. घरी येऊन फोन हातात घेतला, ठेवला. आता कुठल्या तोंडानं बोलू?

५ एप्रिल

काम संपलं. घर झक्क झालंय. ओट्यापाशी उभा राहिलो, तर तो ताईच्या बरोब्बर उंचीचा. ठरलं! रविवारी जाऊन किल्ली तिच्या हातात द्यायची. हप्त्याचं बघून घेऊ काहीतरी.

१० एप्रिल

रविवारी गेलो नाही. पाहुणे होते. खोटं कशाला लिहू, पाहुणे दुपारीच गेले.

आज एजंटचा फोन. "साहेब, नशीब काढलंत! एकटंच माणूस, शांत. घासाघीस नाही, सांगाल ते भाडं!" माझ्या तोंडून हो निघून गेलं. निघून कसलं गेलं — मीच म्हटलं. ताईला काय सांगायचं ते नंतर बघू. असा कसा झालो मी?

१२ एप्रिल

एजंट करार घेऊन आला आणि डोकं खाजवत उभाच राहिला. "साहेब, हा करार व्हायचा कसा? मालक म्हणून तुमच्या ताई, भाडेकरू म्हणूनही ताईच! त्या तर म्हणाल्या होत्या, 'इतक्यात त्याला सांगू नका हं. मी आहे म्हटल्यावर तो भाडं कमी करत बसेल.'"