हरवलेल्या मुलांची खोली

सोमवार, ४ मार्च

आले बाई एकदाची! पाच मजली दुकान आणि त्याच्या माथ्यावर माझी खोली. खाली अत्तरांपासून कढयांपर्यंत सगळं मिळतं. लहानपणी इथे राहायला मिळालं असतं तर मी खुळावलेच असते. दुकानाला शंभर वर्षं होतायत, त्याचा इतिहास मी लिहायचाय. मालक म्हणजे संस्थापकांचे नातू. पुस्तक जाडजूड हवं, पण वाचताना कुणी पेंगायला नको, म्हणाले. ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणतात, पगार तिथेच उधळून येऊ नकोस. आणि हसले. आमची ठकी गेल्यापासून पहिल्यांदाच.

बुधवार, ६ मार्च

थोरले मालक, म्हणजे संस्थापक, कोपऱ्यावर घडीच्या टेबलावर बटणं आणि लेस विकायचे. गिऱ्हाइकाला भाव विचारायची लाज वाटू नये म्हणून प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावायचे. माणूस मला आवडायला लागलाय. ही इमारत उघडायच्या आधी त्यांची लहान मुलगी तापाने गेली. म्हणून की काय, तळमजल्यावर जिन्याशेजारी त्यांनी हरवलेल्या मुलांसाठी खोली बांधली. बुटकी बाकं, लाकडी घोडा, आणि आईबापांना बोलावायला भोंगा. आता तिला कुलूप आहे. चुकलेली मुलं चौकशीच्या टेबलाशी बसवतात.

मुलगी गेलेला बाप. त्याच्याबद्दल लिहिताना हात थांबला. आमची गोष्ट वेगळी कुठे आहे?

सोमवार, ११ मार्च

दुपारी चादरींच्या विभागात टिपणं घेत होते. भोंगा वाजला. सहा वर्षांची मुलगी सापडली आहे, पिवळा फ्रॉक घातलाय, नाव ठकी सांगते, आईने हरवलेल्या मुलांच्या खोलीत यावं.

आजूबाजूला कुणी मानसुद्धा वर केली नाही. मी धावत चौकशीच्या टेबलाशी गेले. तिथल्या बाईंनी मला पाणी दिलं. आज कुणीच हरवलं नाही, म्हणाल्या, आणि भोंगा तर कधीचा बंद आहे.

तो पिवळा फ्रॉक मी माझ्या हातांनी तिला घातला होता. शेवटचा.

बुधवार, १३ मार्च

रोज ऐकू येतं. शेवटी मालकांच्या आईंकडे गेले. थोरल्या मालकांच्या सूनबाई त्या. नव्वदी उलटलीय, पण नजर लख्ख. सगळं ऐकून त्यांनी माझा हात घट्ट धरला.

मामंजींनाही त्यांची मुलगी तिथूनच हाका मारायची, म्हणाल्या. ते रोज दाराबाहेर बसून ऐकायचे. एकदा भर गर्दीत, दिवसाढवळ्या आत गेले. दार उघडलं तेव्हा खोली रिकामी. घरच्यांनी सांगितलं, हवापालटाला गेलेत.

“आणि आठवड्याभराने तेच मला बोलवायला लागले,” त्या म्हणाल्या. “सूनबाई, जरा चहा आणता का? तोच मऊ आवाज. पोरी, आत ती नसते गं. आवाज तेवढा तिचा असतो. तू आपली घरी जा.”

ह्यांना फोन केला. न्यायला या, एवढंच म्हटलं. कारण कसं सांगणार? ह्यांच्यासमोर तिचं नाव काढायचीही मला भीती वाटते.

गुरुवार, १४ मार्च

सामान बांधलं. आता भोंग्यातून ती स्वतःच बोलते. आई, पाणी. आई, इथे अंधार आहे. उशीत डोकं खुपसून बसले. दवाखान्यातही ती असंच पाणी —

नको.

शुक्रवार, १५ मार्च

हे आले. माझी बॅग उचलली, वाळलीस किती म्हणाले. जिना उतरलो. रस्त्याचं दार समोर दिसत होतं. आणि हे थांबले. बॅग खाली ठेवली.

“अगं, ठकी बोलावतेय. तुला ऐकू येत नाही?”

मी बाही धरली. आवाज तेवढा तिचा आहे, ओरडून सांगितलं, ती नाहीये हो, ती नाहीये! ह्यांचा चेहरा — ती जन्मली तेव्हा होता तसा. बाही हिसकली. धावले. इतक्या वर्षांचं कुलूप, आणि दार उघडं होतं —

मी पोचेपर्यंत मिटलं.

कुलूपवाल्याने तासाभराने उघडलं. बाकं. घोडा. जमिनीवर जाड धूळ, आणि तिच्यावर एकही पाऊल नाही.

शनिवार, १६ मार्च

मालक म्हणतात, मागच्या दाराने गेले असतील, पुरुष असं करतात. पोलिसांनी लिहून घेतलं. मला घरी सोडायला गाडी देतायत. घरी कुणाकडे?

मी सांगायला हवं होतं. फोनवरच.

रविवार

दुकान बंद. मी दाराशी बसलेय.

दोघं बोलतायत. ती खिदळते. हे तिला अंघोळ न करणाऱ्या हत्तीची गोष्ट सांगतायत, मधेच सोंड विसरतात, ती ओरडते —

आवाज तेवढा. माहीत आहे. मला माहीत आहे.

संध्याकाळ

गोष्ट संपली. आत शांत. मग हे, अगदी दाराला तोंड लावून, हळू — ती पेंगलीय गं, पण तू आल्याशिवाय डोळे मिटत नाही म्हणते —

नाही जाणार. इथूनच सांगते तिला, झोप म्हणून. एवढंच. दाराला तोंड लावून एकदाच —

कडी आतून निघाली —

ठकी, हात इतके गार का गं तुझे