बिनधुराच्या चुलीची पुस्तिका

सिन्नर, १२ जानेवारी १९९९

सौ. मोहिनीस सप्रेम आशीर्वाद.

मी खुशाल आहे, जेवणही बरं मिळतं. तुझा खोकला कसा आहे? खरं लिही.

शेखर, माझा जुना विद्यार्थी, इथल्या ऊर्जा-संशोधन केंद्राचा प्रमुख. बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका लिहायला त्यानेच मला बोलावलं. काल म्हणाला, "गुरुजी, केंद्र बंद होतंय. पुस्तिका छापली, पण चुली आता होणार नाहीत." शाळेत कविता विसरला की असाच खाली बघायचा.

पहिली चूल तुला द्यायचं कबूल केलं होतं. रविवारी येईन तो पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन. चूल पेटवायला खुशाल वापर. पहिलं पान तेवढं ठेव. त्यावर तुझ्या लाल डोळ्यांची कविता आहे.

धुरापासून लांब बस.

तुझा यादव