कपाटाच्या दारावरची बाई

४ नोव्हेंबर, सोमवार

वही ह्यांची. कारखान्यातून रिटायर होताना आणलेली जुनी लॉगबुकं, अजून सहा कोरी आहेत. रकाने: शिफ्ट, मशीन, बिघाड, शेरा. रकाने न बघता लिहायचं ठरवलंय.

कारण काल. मराठी मंडळात नवा लेखनकट्टा सुरू झाला. केतकी चालवते. पुण्याहून बदलून आलेली इंजिनियर, आमच्या मुलीच्या वयाची. "प्रत्येकीने आपली ओळख करून द्या," म्हणाली. मी उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "मिसेस पाठक, टर्बाइन ब्लॉक, एन-टू टाइप, क्वार्टर दोनशे अकरा."

क्वार्टर सोडून चार वर्षं झाली. टर्बाइन ब्लॉक हे ह्यांचं कारखान्यातलं खातं; तिथे मी आयुष्यात एकदाच गेले, विश्वकर्मा पूजेला, प्रसाद घ्यायला.

सगळ्या हसल्या. मग पुढच्या नऊ जणींनी तेच केलं. मंदाने तर नवऱ्याचा स्टाफ नंबरही सांगितला.

केतकीने कपाळाला हात लावला. "सतरा तारखेला पुन्हा. नवरा, मुलं, क्वार्टर वगळून. फक्त नाव, आणि तुम्ही काय लिहिता. आणि एक पान वाचायचं."

नवरा, मुलं, क्वार्टर वगळून काय उरतं ते तेरा दिवसांत शोधायचंय. उद्यापासून साडेपाचला उठणे, चालणे, रोज एक पान. चहाबरोबर शेव बंद.

५ नोव्हें., मंगळ

उठले सव्वासातला. दोष भोंग्याचा. टाउनशिपमध्ये कारखान्याचा भोंगा झाला की पाय आपोआप जमिनीवर. दूध, कणीक, डबा, दारात ह्यांची स्कूटर. बत्तीस वर्षं कारखान्याने मला उठवलं आणि मी समजत होते, मला शिस्त आहे. इथे साकेत नगरला ऐकू येतात त्या हॉस्पिटलकडे जाणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्स. त्यांच्यावर उठायचं म्हटलं तर माणूस दिवसभर उठतच राहील.

पान: नाही. शेव: थोडी.

७ नोव्हें., गुरु

ह्यांना सांगून टाकलं. चूक. हे पस्तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये.

"टार्गेट काय?"

"रोज एक पान."

"कुठल्या शिफ्टला?"

संध्याकाळी फ्रिजवर जॉब कार्ड, कारखान्यात मशीनवर लावतात तसं. जॉब: लेखन. ऑपरेटर: सौ. पाठक. मी 'सौ. पाठक' खोडून 'सुलभा' लिहिलं. "कार्डावर खाडाखोड चालत नाही," म्हणाले. कार्ड काढून नेलं.

थोड्या वेळाने नवीन लावलं. ऑपरेटर: सुलभा.

९ नोव्हें., शनि

पहिलं पान झालं! क्वार्टरमागच्या पेरूवर. ह्यांनी चष्मा पुसला, लाल पेन्सिल घेतली, दोनदा वाचलं.

"बारा फूट? आपण सोडलं तेव्हा नऊ होता."

"अहो, वाटलं कसं ते सांगा."

"मापच चुकलंय तर वाटणार काय?"

शेरा: रीवर्क. म्हणजे पुन्हा करा.

शाळेतल्या सिस्टरची आठवण आली. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये त्या माझे निबंध वर्गाला वाचून दाखवायच्या. पण ओळख सांगायला उभं केलं की सुरुवात ठरलेली, "माय फादर इज अ हेड क्लार्क." तिथे बाबा आधी, इथे टर्बाइन ब्लॉक आधी. आणि मराठीत निबंध तर कधी लिहिलाच नाही. हे लॉगबुकच पहिलं.

१० नोव्हें., रवि

मंदाबरोबर टाउनशिपमध्ये चालायला. एका भिंतीची शेजारीण, तेवीस वर्षं. अर्धा तास चालून पोहे-जिलबीच्या गाडीपाशी थांबलो.

"मंदा, आपण तब्येतीसाठी आलोय."

"मंग? उपाशी राहून कोणाची तब्येत सुधरून राहिली?"

सतरा तारखेचं विचारलं. हातातली जिलबी तिने परत प्लेटमध्ये ठेवली. "मी तं रोज कविता करते, बापा. पण उभं राहून तसं सांगायची लाज वाटते. त्यापेक्षा स्टाफ नंबर बरा."

तेवीस वर्षं एक भिंत, आणि मला पत्ता नाही. तिलाही माझा नव्हता.

आणखी एक प्लेट घेतली.

१२ नोव्हें., मंगळ

हे सकाळपासून गायब. मोजायची टेपही गायब. अकराला परत, पिशवीभर पेरू घेऊन. जुन्या क्वार्टरला जाऊन झाड मोजून आले!

"आता चौदा फूट आहे. म्हणजे मधे कधीतरी बारा असणारच. रीवर्क मागे."

मग खिशातली डायरी काढली. तिथे आता राहतात त्या मिसेस तिवारींनी ह्यांना चहाला आत नेलं आणि स्वयंपाकघरातलं कपाट उघडून दाखवलं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने माझं अक्षर. मी साफ विसरले होते. कुकर होईपर्यंत तिथे काहीबाही लिहायची. ह्यांनी उतरवून आणलंय:

'गुरुवारी सकाळी ती पिशवी घेऊन घरातून निघाली. भोंगा झाला तेव्हा ती'

एवढंच. पुढे शिट्टी झाली असणार. खाली ह्यांची नोंद: दोन ओळी, लांबी पावणेसात इंच.

रंगारी आले तेव्हा मिसेस तिवारींनी तेवढं दार रंगवू दिलं नाही म्हणे. "भाईसाहब, मराठी आधी ही समझ में आती है. पर भाभीजी से पूछिए ना, आगे क्या हुआ?"

चार वर्षं एक बाई माझ्या पुढच्या ओळीसाठी थांबली आहे.

पेरू धुतले. मग पुन्हा धुतले.

१४ नोव्हें., गुरु

साडेपाचला उठले. भोंग्याशिवाय. (पावणेसहा. पण साडेपाचच्या बेताने.)

कपाटावरच्या गोष्टीतल्या बाईला कोपऱ्यापर्यंत आणलं. गॅस बंद केला का बघायला तिला परत पाठवावं असं तीनदा वाटलं. पाठवलं नाही. अर्धं पान. शेव नाही, पेरू दोन.

१६ नोव्हें., शनि

आरशासमोर सराव. 'मी लेखिका' म्हटलं की मलाच हसू येतं. 'होतकरू लेखिका' म्हटलं तर आरशातल्या बाईचे केस पांढरे. हे दारात उभे राहून ऐकत होते.

"नुसतं 'लिहिते' म्हण. जॉब चालू असताना कार्डावर 'पूर्ण' लिहायचं नसतं."

पस्तीस वर्षांच्या इन्स्पेक्शनचा पहिल्यांदाच मला उपयोग झाला.

१७ नोव्हें., रवि

माझी पाळी दुसरी. उभी राहिले. 'मिसेस' ओठांपर्यंत आलं होतं.

"सुलभा पाठक. लिहिते."

केतकी म्हणाली, "काय लिहिता?"

"एक बाई घरातून निघालीये. भोंगा झाला तेव्हा ती कुठे होती, तेवढं अजून ठरायचंय."

पान वाचलं. गोष्ट मधेच संपली, त्यामुळे टाळ्या कधी वाजवायच्या ते कोणालाच कळेना. मग मंदा उठली, म्हणजे उठावंच लागलं, पुढची तीच. "मंदा. कविता." आणि खाली बसली. कविता ऐकवायला तिला परत उभं करावं लागलं.

१८ नोव्हें., सोम

पाच पस्तीस.

बाई हबीबगंज स्टेशनवर पोचली. स्टेशनचं नाव बदललंय, ती जुनंच म्हणते. बाकावर बसलीये, मांडीवर पिशवी. लांबून भोंगा झाला. ती उठली नाही.

पान टेबलावर ठेवलं. ह्यांनी आज लाल पेन्सिल घेतली नाही.

"गाडी कुठली धरणार?"

"ठरलं नाही अजून."

"तिकीट परतीचं काढलंय ना?"

मी चहा गाळत होते. हे फ्रिजपाशी जॉब कार्ड वाचत उभे. त्यावर वाचण्यासारखं फारसं काही नाही. मग पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाले,

"निघताना डबा करून ठेवला होता का गं तिने?"

बघते, म्हटलं.